बाबांचा शेवटचा काप

बाबांचा शेवटचा काप कोमट पाण्यावर तरंगत होता. लेकीने तो अलगद काचेच्या वरच्या अर्ध्या भागावर उचलून घेतला. त्याच काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर एका पेशंटच्या स्वादुपिंडातल्या गाठीचा काप बसवलेला होता.

लेक आता करते तेच काम बाबा याच लॅबमध्ये करत, तंत्रज्ञ होते. तीस वर्षांचा मधुमेह, तरी शर्टाच्या खिशात चोरून चॉकलेटं. "मी गेल्यावर माझं स्वादुपिंड कंट्रोलला ठेवा, कुठेतरी कामी येऊ दे," असं त्यांनी लिहूनच दिलं होतं. रंग नीट लागलाय की नाही, हे खात्रीच्या नमुन्यावर पडताळावं लागतं. म्हणून बाबा गेल्यापासून अकरा वर्षं डॉक्टर मॅडम लेकीला आधी एकच विचारत, "बाबा काय म्हणतात?" खास उजेडात बाबांचा काप हिरवा चमकला, की मगच पुढचं खरं. बाबांचा तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात जपला होता, त्यात आता नुसतं मेण उरलं होतं. बाबांना विचारणंही आजपासून संपलं.

काच रंगवून झाल्यावर मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "दोन्ही हिरवे. इन्सुलिनबरोबर निघणारं प्रथिन साचलंय. बाबांची साखर चढायची, या पेशंटची गाठीमुळे धाडकन उतरायची. गाळ मात्र एकच बघ. गाठ मोठी आहे. पुढचा कंट्रोल हिचाच कर."

लेक म्हणाली, "बाबांनी आपणहून दिलं होतं, मॅडम. हिला विचारायला हवं."

गाठीची मालकीण वॉर्डात उठून बसली होती. पोस्टातली कारकून, काउंटरवर इतक्यांदा चक्कर येऊन पडली, की ऑफिसात तिचं नावच 'नाटक कंपनी' पडलं होतं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"दोन वर्षं माझ्यावर कुणाचा विश्वास नव्हता. आणि आता माझ्यावरून दुसऱ्यांचं खरंखोटं ठरवणार म्हणता?" ती पहिल्यांदाच हसली. "घ्या की. पण मला एकदा दाखवा."

पोटाचे टाके सांभाळत ती लॅबमध्ये आली. काच इकडेतिकडे सरकवत बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे तुमचे बाबा, की मी?"

लेक वाकली. भिंगभर नुसतं हिरवं. बाबांना आपण कुठेही ओळखू, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

शेवटी वर कोण नि खाली कोण, हे तिला काच बाहेर काढून बघावं लागलं.