खाली आलेलं

रिकामी टोपली फिलोमेनाच्या अंगणात आपटून कार्मिने म्हणाला, "मावशी, झाडं माझी. मग उतारावरून इथे घरंगळलेले चेस्टनटही माझेच."

दक्षिण इटलीतल्या त्या डोंगरगावात खाली आलेलं फळ खालच्याचं, ही पिढ्यांची रीत. फिलोमेनाचा निम्मा हिवाळा त्यावरच निघे. पण बाजारात भाव चढला की कार्मिनेची झाडांवरची मायाही चढायची.

ओठ आवळून तिने ओंजळी-ओंजळीने टोपली भरली.

"मावशी समजूतदार," तो हसला.

"थांब, अजून आहे." शेळीच्या रिकाम्या खोपटातून ती डोक्याएवढा दगड पोटाशी धरून आली. "गेल्या हिवाळ्यात हा तुझ्याच बांधावरून सुटला. माझी शेळी चिरडली. तेव्हा काय म्हणालास? उताराने खाली आलं ते खालच्याचं."

दगड तिने चेस्टनटवर ठेवला. टोपलीच्या काड्या करकरल्या.

"फळं तुझी, तर दगडही तुझा. दोन्ही उचल, आणि माझी शेळी भरून दे."

कार्मिने रिकाम्या हातांनी चढ चढून गेला. टोपली मागायलाही तो परत आला नाही.