झणझण

गिटार शिकवणारे मास्तर काकुळतीला येऊन तिसऱ्यांदा कारागिराच्या दुकानाची पायरी चढले. वाजवताना तार कुठंतरी घासल्यासारखी बारीक झणझण त्यांना सतावत होती, आणि तिच्यापायी दोन महिने शिकवणी बंद होती. गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या आधी बारीक आणि बुटक्या होत्या. त्या काढून मध्यम बसवल्या, तरी झणझण जाईना. म्हणून आता सगळ्यांत उंच आणि रुंद. बायको बिचारी सांगून थकली, "अहो, मला तर सूर लख्ख ऐकू येतोय," तर मास्तर तिच्यावरच डाफरले.

"मास्तर, याहून उंच पट्टी हवी असेल तर बोटांना शिडी लावावी लागेल हं!" टेबलावरच्या गिटारची शेवटची पट्टी फडक्यानं पुसत कारागीर हसला.

"थट्टा नको रे बाबा. ज्या सुरानं जन्मभर सोबत केली, तोच रुसला तर मी कुणाच्या दारात उभा राहू?" मास्तरांनी हात जोडले, डोळे गच्च मिटले आणि देवाचं नाव घेत कान गिटारकडे लावला. क्षणात त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "गेली नाही रे! ऐक ना, आत्तासुद्धा वाजतेय ती झणझण!"

कारागिराचा हात जागीच थांबला.



"मास्तर... तारा अजून पाकिटातच आहेत."