आपोआप सरळ झालेले दात

“तार? पोरीच्या दातांना तार? तिला काय सिनेमात घालायचंय?” काशीनाथ म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसला. शांती नगरातल्या त्या दवाखान्यात दुसरं कुणी हसलं नाही.

खुर्चीत त्याची बारा वर्षांची रुचिता आ करून बसली होती. वरचा एक दात शेजारच्या दातावर चढला होता. तिच्यामागे आई गिरिजा उभी होती, आणि बाकड्यावर आजी.

“दिसण्याचं सोडा हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “इथे ब्रश पोचतच नाही. अन्न अडकतंय, हिरडी सुजलीय. एकाच बाजूनं चावतेय ती. आत्ता सरळ केले तर टिकतील. नाहीतर पुढे हलायला लागतील.”

“रोज रक्त येतं हो हिच्या हिरडीतून,” गिरिजा म्हणाली.

“तू गप्प बस.” बायकोला गप्प बसवण्यात काशीनाथचा हात कुणी धरू शकत नव्हतं. बँकेत हेडक्लार्क होता ना! चेकवरच्या सहीतली खोट त्याला दहा हात लांबून दिसायची. मग डॉक्टरीण कोण लागून गेली?

“मॅडम, दातावर दात म्हणजे भाग्य. आमच्या आईचापण होता. म्हणून तर लालबागची खोली सोडून नव्वद साली इथे ब्लॉक घेतला आम्ही. आणि आता बघा तिचे दात! पासष्टीला एका ओळीत, पांढरेशुभ्र. कुठली तार न् कुठलं काय. आपोआप सरळ झाले!”

आपोआप! वा रे हुशार! आई रोज सकाळी चपाती चहात भिजवून खायची. ‘आईला चहा-चपाती फार आवडते,’ असं हे महाशय पेपरातून डोकं वर न काढता सांगायचे.

“चल, ऊठ गं,” तो रुचिताला म्हणाला. रुचिता उठली नाही. डोळ्यांत पाणी आणून ती आजीकडे बघत राहिली.

आजी बाकड्यावरून उठली. मुलासमोर आली. तोंडात बोटं घालून तिनं वरची कवळी काढली, मग खालची, आणि दोन्ही त्याच्या हातावर ठेवल्या. तिचे गाल एकदम आत गेले.

“घे तुझं भाग्य,” ती बोळक्या तोंडानं म्हणाली. “चाळिशीत एकेक करून सगळे गेले. तू पुण्याला शिकत होतास. परत आलास तेव्हापासून हीच कवळी बघतोयस, मेल्या.” मग ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. “बाई, तुम्ही तार लावा.”

काशीनाथनं गिरिजाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. तिला माहीत होतं.

“बाबा, नीट धरा,” खुर्चीतून रुचिता म्हणाली. “पाडाल. रोज मीच धुते ती.”