केळीच्या दांड्याचा नैरुझ

केळीचा दांडा परजत सिमाई मैदानात उतरला आणि पहिलाच तडाखा त्याने स्वतःच्या मेहुण्याला हाणला.

“अरे, कोम्बो पलीकडे आहे,” मेहुणा कण्हत म्हणाला. “डोळे दाखव कुणाला तरी.”

“डोळ्यांना काय धाड भरलीय? ऊन तोंडावर येतंय.”

ऊन त्याच्या पाठीवर होतं.

शिराझहून गलबतांतून आलेल्या पूर्वजांनी हा नैरुझ, नववर्षाचा सण, बेटावर आणला, आणि गावाने त्यात आपली हौस मिसळली. वर्षभराचं वैर आज दांड्यांनी झोडून काढायचं. सणासाठी उभारलेली गवताची झोपडी जळून तिचा धूर विरला की मनात काही ठेवायचं नाही. ठेवलं तर पुढचं वर्ष घराला बाधतं.

सिमाईच्या मनात एकच गोष्ट ठाण मांडून होती. गेल्या वर्षी कोणीतरी रात्रीतून त्याच्या उलांडीच्या, बाजूला तोलाचं लाकूड बांधलेल्या होडीचा दोर कापला आणि होडी खडकावर फुटली. जन्मभर त्याने तिच्यातून पलीकडच्या बंदरात खोबरं नेलं होतं. शेवटी शेवटी तिला दोनदा खडक घासला, पण तो दोष भरतीचा. दोर कापणारा कोम्बोच, खोबऱ्याच्या धंद्यात तोच आडवा यायचा. लहानपणापासूनच्या या मित्राशी सिमाईने बोलणं टाकलं, आणि स्वतःच झुरला.

“मिटवल्याशिवाय घरात पाऊल टाकू नका,” असं बजावून मिझेने नवऱ्याला सकाळीच पिटाळलं होतं.

कोम्बो समोर उभा राहिला. “मार, म्हाताऱ्या. पण दोर मी कापला नाही.”

“मग हात का उचलत नाहीस?”

“तुझा नेम बघून कीव येते.”

निम्मे तडाखे हवेतच गेले. कडेला बायका गाण्यांतून दोघांची टर उडवत होत्या, त्यात मिझेचा आवाज सगळ्यांत वर. शेवटी दम लागून दोघे हसत एकमेकांच्या गळ्यात पडले. तिकडे झोपडी पेटली, धूर समुद्राकडे गेला.

“कापलास की नाही, जाऊ दे,” सिमाई डोळे पुसत म्हणाला. “माफ केलं.” त्याला फार हलकं वाटलं.

कोम्बो पाहुणा म्हणून घरी जेवायला आला. मिझेने त्याच्या ताटात माशाचे दोन मोठे तुकडे वाढले.

“आणि मला शेपटी?” सिमाई म्हणाला.

“त्यांनी वर्षभर तुमचा अबोला सोसलाय. अहो, आता सगळं माफ ना?”

“सगळं.”

“कुणाचंही?”

“कुणाचंही. धूर गेला, विषय संपला.” असं म्हणत त्याने भातावर मीठ म्हणून चिमूटभर साखर घातली.

मिझेने साखरेचं भांडं हळूच बाजूला सरकवलं.

“मग ऐका,” ती म्हणाली. “दोर मी कापला होता.”