ठणठणीत

अपंगांसाठीचा सरकारी भत्ता मंजूर झाला, तर लेक कामावर गेल्यावर बाबांजवळ माणूस ठेवता येणार होता. गेल्या खेपेला तपासणीला आलेल्या साहेबांना बाबांनी “मला काय धाड भरलीय?” म्हणत वाटेला लावलं होतं. म्हणून आज लेक सकाळपासून विनवत होती, “बाबा, या वेळी तरी खरं सांगा हं.”

तपासणीच्या बाईंनी विचारलं, “आजोबा, चालता येतं?”

“हो तर! देवाच्या दयेनं ठणठणीत आहे. ही आपली उगाच काळजी करते.”

बाईंच्या पाठीमागे उभी राहून लेक हात जोडत होती. सकाळी बाबांना उचलून खुर्चीत बसवताना भरलेली तिची कंबर अजून मोकळी झाली नव्हती.

बाईंचं पेन कागदावर टेकलं. “पाणी आणते,” म्हणून लेक आत गेली. परत येताना दाराआडून तिला बाबांचा दबका आवाज ऐकू आला.

“ती आत आहे तोवर लिहून घ्या. चालणं सोडाच, रात्रभर कळा थांबत नाहीत. पण तिच्यासमोर बोललो, तर पोरीच्या घशाखाली घास उतरायचा नाही.”

लेक पेला घेऊन तशीच मागे फिरली आणि तिनं स्वयंपाकघरातला नळ मोठ्ठा सोडला.