फक्त जॅक

"पिन घट्ट बसेल एवढंच करा, बाकी कशाला हात लावू नका," असं बाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मिस्त्रीच्या कपाळाला आठी पडली. चाळीस वर्षं तो गिटारी दुरुस्त करत होता. काय करू नये हे गिऱ्हाइकानं शिकवलेलं त्याला मानवत नसे.

टेबलावरची इलेक्ट्रिक गिटार मात्र बघत राहावी अशी होती. पन्नास वर्षांची तरी असेल. मधाच्या रंगाचं लाकूड कडेकडेनं उडालं होतं. तारा पार गंजलेल्या. फक्त सगळ्यात जाड तारेवर नखाएवढा एक तुकडा लखलखीत होता. बाकीच्या पाच तारांना कित्येक महिन्यांत कुणाचं बोट लागलेलं दिसत नव्हतं.

वाजवतं कोण, असं त्यानं विचारलं.

"आमचे हे. हल्ली एकच तार लागते त्यांना."

मोठ्या वादकांचे एकेक चोचले मिस्त्रीनं आयुष्यभर पाहिले होते. तो गालात हसला आणि त्यानं केबल जोडून ॲम्प्लिफायर लावला. केबलची पिन जिथे खुपसतात तो जॅक सैल झाला होता. नुसती खरखर आली आणि गेली. त्यानं पिन दाबून धरली, तसा ॲम्प्लिफायरमधून एकसारखा घूंऽ असा आवाज यायला लागला. बाईंचा चेहरा एकदम निवळला.

मिस्त्रीला गंमत वाटली. हा आवाज म्हणजे जुन्या गिटारींचा रोग, आम्ही त्याला हमिंग म्हणतो, असं त्यानं समजावलं. तारेवर बोट टेकवलं. आवाज बंद. बोट उचललं. पुन्हा सुरू. तान्ह्या बाळाची सवय आहे हिला, हात लावला की गप्प, सोडला की रडं, असंही तो म्हणाला.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

मग त्यांनी घाईघाईनं सगळं सांगितलं. उद्या सकाळी दहाला दोघं जण यायचे होते. ते यांचं ऐकणार आणि मग काय ते ठरवणार. गेल्या आठवड्यात एकदा येऊन गेले होते, पण नेमकी तेव्हाच ही पिन सैल झाली आणि कुणाला काही ऐकूच गेलं नाही. पुन्हा येतच नव्हते. बाईंनी हातापाया पडून उद्याची वेळ मागून घेतली होती.

"ह्यापुढे नाही म्हणालेत. उद्या जमलं तर जमलं."

त्यांच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरीसारखा झाला होता. मिस्त्रीला वाईट वाटलं. उतरत्या वयातला कलावंत, निवड करणारे दोघं आणि एकच संधी. यांना फार वेळ एकटं सोडून येता येत नाही म्हणाल्या, तेव्हा गिटार मी स्वतः घेऊन येईन, असा शब्द त्यानं दिला. बाईंनी चिठ्ठीवर पत्ता लिहिला. बस स्टॉपसमोरची मोठी इमारत, तिसरा मजला, खोली बारा.

नवा जॅक बसवायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यावर थांबला असता तर तो मिस्त्री कसला. ते दोघं हमिंग ऐकून तोंड वाकडं करतील, हे त्याच्या डोक्यातून जाईना. त्यानं सगळे स्क्रू काढले. आतल्या पोकळीला तांब्याची पातळ पट्टी चिकटवली, कोपरान् कोपरा मढवला, जुन्या वायरी काढून नव्या डाख देऊन जोडल्या. तारा बदलल्या. लाकूड पुसून लख्ख केलं.

दुपारी बायको जेवायला बोलवायला आली. त्या बाईंनी नको म्हटलं होतं ना, असं तिनं विचारलं. त्यांना काय कळतंय, हा म्हणाला.

"तुम्हाला बटण लावायला दिलं तर सदरा उसवून शिवाल," ती म्हणाली आणि निघून गेली.

संध्याकाळी त्यानं ॲम्प्लिफायर पूर्ण मोठा केला. हूं नाही की चूं नाही. असं काम त्याच्या हातून कधीच झालं नव्हतं. स्वतःच्या पाठीवर हात पोचत नाही म्हणून, नाहीतर त्यानं थोपटून घेतली असती.

दुसऱ्या दिवशी जागा शोधण्यात वेळ गेला आणि पोचायला दहाला दोन मिनिटं उरली. तिसऱ्या मजल्यावर फिनेलचा वास होता. आपण चुकून भलतीकडे आलो, असं वाटून बारा नंबरच्या दारात तो घुटमळला. आत खाटेवर एक माणूस डोळे मिटून पडला होता. गळ्यात नळी होती आणि शेजारचं यंत्र त्याच्यासाठी श्वास घेत होतं. पायथ्याशी दोन डॉक्टर उभे होते, थोरल्याच्या हातात कागद होता.

बाईंनी गिटार जवळजवळ ओढूनच घेतली. नवऱ्याच्या उजव्या हाताखाली ती आडवी ठेवली आणि त्याचं एक बोट जाड तारेच्या केसभर वर येईल असं उशी सरकवून नीट बसवलं. रोजचा हात होता तो.

"ताई, यांना काहीही कळत नाही, असंच आमचं मत आहे," थोरले डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "पण तुम्हाला शब्द दिलाय. विचारतो. नाहीतर आज यंत्र काढायचं ठरलंय."

बाईंनी खाटेशेजारचा आपला ॲम्प्लिफायर जोडून लावला. काहीच आवाज आला नाही. इतकं स्वच्छ काम पाहून, त्या खोलीतसुद्धा, मिस्त्रीला सवयीनं क्षणभर बरं वाटलं.

डॉक्टर खाटेवर वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "तुम्हाला आमचं ऐकू येतंय का?"

बाईंनी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. पिन काढून पुन्हा बसवली. डॉक्टर थोडा वेळ थांबले. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं.

बाई मिस्त्रीकडे वळल्या.

"दादा, ती गुणगुण कुठे गेली? यांचं बोट हललेलं कुणाला दिसत नाही हो. तारेला टेकलं की ती थांबायची. तेच यांचं 'हो' होतं."