उघडी झडप

प्लायमथच्या चर्च-हॉलमध्ये जहाजांच्या प्रतिकृतींचं प्रदर्शन भरलं होतं. सिरिल पास्कोनं बनवलेल्या युद्धनौकेपुढे परीक्षक भिंग घेऊन वाकला होता. खरी नौका महायुद्धात बुडाली होती, आणि सिरिलचा मुलगा डेन्झिल तिच्याच बॉयलर-रूममध्ये अडकून मेला होता. तेव्हापासून म्हातारा जुनी कागदपत्रं धुंडाळून तिचा खिळान् खिळा जुळवत बसला होता.

“काम बिनतोड आहे, पास्को. पहिला नंबर तुमचाच,” परीक्षक म्हणाला. “पण पाटीवर लिहिलंय, शेवटच्या लढाईतली स्थिती. मग बॉयलर-रूममधून वर यायच्या वाटेवरची झडप उघडी कशी? लढाई सुरू झाली की ती बंद करून वरून खिट्ट्या लावायचा हुकूम होता.”

“उघडी?” सिरिलच्या मस्तकात तिडीक गेली. “अहो, मी स्वतः चिकटवलीय ती! कुणी हात लावला माझ्या जहाजाला?”

“मी,” मागून त्याची बायको एडिथ म्हणाली. “सकाळी केसातल्या पिनेनं उचकटली.”

“अगं, अक्कल गहाण टाकलीस का? जे खरं होतं तेच दाखवायचं असतं इथे!”

परीक्षकानं खिशातून गोंदाची नळी काढून पुढे केली. “निकाल लागायला अजून अवकाश आहे.”

सिरिलनं ती घेतली, टोपण काढलं आणि जहाजावर वाकला.

“लाव, लाव,” एडिथ शांतपणे म्हणाली. “तेव्हा निदान लावणारा परका होता.”